विमानाचं इंजिन, जुनी गाडी आणि सोइचिरो होंडा

मंडळी, तोयोचो स्टेशनवर उतरून कोतोच्या लायसन्स सेंटरला आपल्यातल्या बऱ्याच जणांनी चकरा मारल्या असतील. भारतातलं लायसन्स जपानी करून घेणं हे काय दिव्य असतं, ते वेगळं सांगायला नको! पण याच भागात, समुद्रात भर घालून तयार केलेल्या सुसाकीच्या जमिनीवर १९२२ साली जपानमधल्या अगदी सुरुवातीच्या मोटार शर्यती झाल्या होत्या, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याच वर्षी पंधरा वर्षांचा एक मुलगा खेड्यातून तोक्योत नोकरीसाठी आला. त्याचं नाव सोइचिरो होंडा.

जन्म १९०६ चा, शिझुओकातल्या कोम्यो गावचा. वडील गिहेई लोहार. पुढे ते सायकली दुरुस्त करू लागले. शाळेत चिरंजीवांचं फारसं लक्ष नव्हतं. तोक्योच्या होंगो भागातल्या ‘आर्ट शोकाई’ या गॅरेजमध्ये उमेदवारी मिळाली खरी, पण सुरुवातीचे कित्येक महिने काम कसलं, तर मालकाचं तान्हं मूल सांभाळायचं! पाठीवर बाळ, हातात फडकं, आणि इंजिनं फक्त लांबून बघायची.

१ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात गॅरेज जळालं. ग्राहकांच्या गाड्या आगीतून बाहेर काढताना सोइचिरोला पहिल्यांदा गाडी चालवायला मिळाली. नंतर जळक्या गाड्या दुरुस्त करण्याचं कामच काम होतं. तेव्हा चाकांच्या आऱ्या लाकडी असायच्या आणि त्या जळून गेल्या होत्या. या पोराने त्या नव्याने घडवल्या. पुढे लोखंडी आऱ्यांचं पेटंट त्याच्याच नावावर झालं.

मालक युझो साकाकिबारा यांना शर्यतीच्या गाड्यांचा नाद. आधी त्यांनी डाइमलरचं इंजिन घेऊन एक गाडी केली. मग डोक्यात आलं ते विमानाचं इंजिन! अमेरिकन कर्टिस विमानाचं जुनं इंजिन मिळालं. आठ सिलिंडर, आठ लिटरच्या आसपास, सुमारे ९० अश्वशक्ती. ते बसवायचं होतं मिचेल नावाच्या जुन्या अमेरिकन गाडीच्या सांगाड्यावर.

आमच्या धंद्यात जुन्या सिस्टीमला नवीन सर्व्हर जोडतात तेव्हा सर्व्हर कधीच अडत नाही, अडतात ते सांधे. इथेही तसंच असतं. इंजिन उचलून ठेवलं की झालं, असं नाही. विमानाचं इंजिन मिनिटाला जेमतेम १४०० फेरे घेतं, पण त्याचा पिळाचा जोर प्रचंड. ते पंख्यासाठी बनलेलं, त्याला क्लच किंवा गिअर माहीतच नाहीत. शिवाय मोटारीच्या इंजिनापेक्षा ते कितीतरी मोठं. म्हणजे सांगाड्यावर नवे आधार हवेत, गिअरबॉक्सशी जोड हवी, रेडिएटर हवा आणि पुढच्या बाजूला वाढलेलं वजन पेलणारी चाकं हवीत. यातलं काहीच बाजारात तयार मिळत नव्हतं. दिवसाचं काम संपलं की रात्री जागून एकेक भाग हाताने घडवायचा. या कामात सोइचिरो सगळ्यात पुढे होता. मला विचाराल तर त्याचं इंजिनिअरिंग कॉलेज हेच.

२३ नोव्हेंबर १९२४ रोजी योकोहामाजवळच्या त्सुरुमीला शर्यत झाली. गाडी चालवली मालकांचा धाकटा भाऊ शिनइची याने, आणि शेजारच्या सीटवर मेकॅनिक म्हणून बसला सोइचिरो. पहिला नंबर!

१९२८ मध्ये हामामात्सुला आर्ट शोकाईची शाखा काढून होंडा स्वतःच मालक झाले. नाद काही सुटला नाही. फोर्डच्या इंजिनाला सुपरचार्जर लावून त्यांनी ‘हामामात्सु’ नावाची गाडी केली. ७ जून १९३६ ला तामागावा स्पीडवेवर उद्घाटनाची शर्यत होती. होंडा चालवत होते, शेजारी धाकटा भाऊ बेनजिरो. पिटमधून ट्रॅकवर येणाऱ्या दुसऱ्या गाडीला धडक बसली, गाडी कोलांट्या खात गेली आणि दोघेही बाहेर फेकले गेले. होंडांना बराच मार लागला, पण बेनजिरोच्या पाठीच्या कण्यालाच इजा झाली. आपल्या हौसेपायी पाठचा भाऊ अंथरुणाला खिळला, याचं ओझं काय असेल? तरीही त्याच वर्षी हा माणूस आणखी एकदा शर्यतीत उतरला, हे मला आजही पटत नाही. शेवटी पत्नी साची यांनी रडून विनवल्यावर त्यांनी स्वतः शर्यतीत उतरणं थांबवलं.

युद्धानंतर १९४६ मध्ये त्यांच्या हाती लष्कराच्या वायरलेस संचांसाठी वीज तयार करणारी छोटी इंजिनं लागली. ती त्यांनी सायकलींवर बसवली. पेट्रोलची टाकी म्हणून चक्क थंडीत अंथरूण गरम करायची, गरम पाण्याची बाटली वापरली. आधी इंजिन पुढच्या चाकावर रबरी रोलर घासून सायकल ओढायचं, पण टायर झिजू लागला, तेव्हा पट्टा लावून जोर मागच्या चाकाला दिला. पुन्हा तोच प्रश्न, सांध्याचा! किराण्यासाठी मैलोन्‌मैल सायकल हाणणाऱ्या साचीबाई ही सायकल चालवणाऱ्यांत पहिल्या. अशी शे-पाचशे इंजिनं संपली, तेव्हा नाइलाजाने त्यांनी स्वतःचं इंजिन बनवलं. १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी उभी राहिली.

पुढचं सगळं आपल्याला ठाऊकच आहे. १९६१ मध्ये आइल ऑफ मॅनची शर्यत जिंकली, १९६५ मध्ये मेक्सिकोत फॉर्म्युला वनची पहिली जिंकली. आपल्या घरच्या आठवणी म्हणजे हिरो होंडा आणि पुणेकरांची कायनेटिक होंडा, बटण दाबून सुरू होणारी! १९७३ मध्ये होंडा निवृत्त झाले आणि ५ ऑगस्ट १९९१ ला गेले.

गंमत बघा, चारशे मीटरच्या ड्रॅग शर्यतीसाठी जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवणारी जगभरची पोरं आज ज्या इंजिनांच्या मागे असतात, त्यांत होंडाची बी आणि के मालिका अगदी वरच्या नंबरावर आहे. १९८९ च्या बी-१६ ने १.६ लिटरमधून १६० अश्वशक्ती काढली होती. जुन्या ऑस्टिन मिनीतसुद्धा ही इंजिनं बसवलेली दिसतात. आणि आजही पोरं अडकतात ती आधार, गिअरबॉक्स आणि रेडिएटर याच तीन ठिकाणी.

ती कर्टिस गाडी तोचिगीतल्या मोतेगीला, होंडा कलेक्शन हॉलमध्ये जपून ठेवलेली आहे, आणि चालू स्थितीत. कोतोहून एका दिवसात जाऊन येता येतं. मुलांना घेऊन जाल तर बॉनेटच्या जागी काय बसवलंय ते नीट दाखवा, आणि चाकांच्या आऱ्याही.