जमिनीचं आधी ऐका, मग बोअर घ्या : तेलमंत्री केशवदेव मालवीय यांची गोष्ट

पारगाव : आपल्या जुन्नर-आंबेगावात बोअर घ्यायचं म्हटलं की आधी पाणाड्या येतो. नारळ उभा राहिला की गाडी बोलवायची. मीही असंच केलं. तीनशे फूट गेलो, नुसता फुफाटा निघाला. पैसे मातीत गेले. तेव्हापासून केशवदेव मालवीय हे नाव मला जवळचं वाटतं.

मालवीय उत्तर प्रदेशातले, जन्म 1904 चा. कानपूरला ते तेलाचं तंत्रज्ञान शिकले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि पुढे नेहरूंच्या सरकारात मंत्री झाले. त्या काळी देशात तेल निघायचं ते आसामात. बाकी भारतात तेल सापडेल, अशी आशा परदेशी कंपन्या फारशी दाखवत नव्हत्या. मालवीयांनी ते मानलं नाही. आधी तपासू, मग बोलू, असा त्यांचा खाक्या. त्यांनी रशियाचे तज्ज्ञ बोलावले आणि 1956 साली तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आजची ओएनजीसी, उभी राहिली. 1958 ला गुजरातेत खंभातजवळ आणि 1960 ला अंकलेश्वरला तेल लागलं.

हे तपासायचं कसं? जमिनीत छोटा सुरुंग उडवायचा. त्याचा हादरा खाली जातो, खडकाच्या थरांवर आपटून वर परत येतो. वर ओळीने मांडलेली यंत्रं तो टिपतात. विहिरीत दगड टाकून आवाज किती वेळाने आला यावरून आपण पाणी किती खोल ते ओळखतो, तसंच हे. हजारो हादऱ्यांच्या वेळा मांडल्या की खालच्या थरांचा नकाशा तयार होतो. थर कुठे घुमटासारखा फुगलाय ते दिसतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते अशा घुमटात वर चढून अडकतं. पण नकाशा जागा दाखवतो, तेलाची हमी देत नाही. ते बोअर मारल्यावरच कळतं.

1963 साली एका खाण कंपनीशी संबंधाच्या आरोपावरून मालवीयांना मंत्रिपद सोडावं लागलं. पण त्यांनी लावलेलं काम थांबलं नाही. पुढच्या वर्षापासून रशियन जहाजाने आपल्या अरबी समुद्रात हीच तपासणी केली. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली मोठा घुमट दिसला. फेब्रुवारी 1974 मध्ये सागर सम्राट या यंत्राने तिथे बोअर घेतलं आणि तेल लागलं. तेच मुंबई हाय. त्याच वर्षी पेट्रोलियम खातं परत मालवीयांकडे आलं. 1976 ला तिथून उत्पादन सुरू झालं, तेव्हा मंत्री तेच होते. 1981 ला ते गेले. डेहराडूनच्या तेल संशोधन संस्थेला आज त्यांचं नाव आहे.

आपल्याकडे खाली काळा कातळ, इथे तेल शोधायचं नाही. पण पाणी शोधायचंच आहे. त्यासाठी सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, विजेचा प्रवाह सोडून जमीन तपासायची पद्धत आहे. तीही शंभर टक्के हमी देत नाही, पण अंधारात उडी तरी नको. पुढचं बोअर घेण्याआधी नारळाला जेवढा मान देता, तेवढा या तपासणीलाही द्या, एवढंच सांगणं.