विश्लेषण : रुपया वधारला की आयातशुल्क निष्प्रभ कसे ठरते? काय होता ठाकुरदासांचा आक्षेप?

मुंबईतील कापसाचे बडे व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास (१८७९-१९६१) हिल्टन यंग चलन आयोगाचे सदस्य होते. १९२६ मध्ये आयोगाने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स सुचवला. ठाकुरदासांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडून जुन्या १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला.

हिशेब असा : जुन्या दराने १ पौंडाचे विदेशी कापड १५ रुपयांना पडे, नव्या दराने १३.३३ रुपयांना. त्यावर ११ टक्के आयातशुल्क धरूनही किंमत १४.८० रुपयेच. म्हणजे देशी गिरण्यांना शुल्काने मिळणारे संरक्षण विनिमय दरानेच संपवले. शिवाय निर्यातीच्या कापसाचे रुपयेही घटले.

१९२७ मध्ये सरकारने कायद्याने १ शिलिंग ६ पेन्सचाच दर लागू केला. ठाकुरदासांच्या निधनावेळीही पौंड १३.३३ रुपयांवरच होता. तो दर मोडला १९६६ च्या अवमूल्यनाने.