विश्लेषण : सरकारी तोफखान्यातून थेट शस्त्रबाजारात… कोण होते विल्यम आर्मस्ट्राँग?

संरक्षण खात्यात मोठे पद सांभाळलेली व्यक्ती पद सोडताच शस्त्रास्त्र कंपनीत गेली, की प्रत्येक देशात तोच वाद होतो. सरकारी खर्चाने मिळालेली माहिती, ओळखी आणि अनुभव खासगी नफ्यासाठी वापरायचे का? हा वाद आजचा नाही. ब्रिटनमध्ये तो १६० वर्षांपूर्वीच रंगला होता आणि त्याच्या केंद्रस्थानी होते विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँग. त्यांनी आपल्या तोफेचे हक्क देशाला फुकट दिले, सरकारी पद स्वीकारले, चार वर्षांनी ते सोडले आणि पुढे जगभर तोफा व युद्धनौका विकणारी कंपनी उभारली. त्यांची ही वाटचाल समजून घेऊ.

वकील ते कारखानदार…

आर्मस्ट्राँग यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८१० रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल शहरात झाला. वडील धान्याचे व्यापारी होते आणि पुढे शहराचे महापौरही झाले. मुलाने वकील व्हावे ही त्यांची इच्छा. विल्यम वकील झालेही आणि अनेक वर्षे त्यांनी न्यूकॅसलमध्ये भागीदारीत वकिली केली. जीव मात्र यंत्रांत अडकलेला. पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन त्यांनी तयार केली. बंदरात जहाजांतून माल उतरवण्याचे काम तिने बरेच सोपे झाले. १८४७ मध्ये वकिली बाजूला ठेवून त्यांनी टाइन नदीकाठी एल्सविक येथे कारखाना काढला. तिथे क्रेन, पूल आणि बंदराची यंत्रसामग्री बनत असे. शस्त्रांशी त्यांचा तोवर काहीही संबंध नव्हता.

तोफेकडे कसे वळले?

क्रिमियाच्या युद्धामुळे. नोव्हेंबर १८५४ मध्ये इंकरमन येथे ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांची रशियाशी लढाई झाली. ब्रिटिशांच्या अवजड तोफा रणांगणावर ओढत आणताना सैनिकांची दमछाक झाल्याच्या बातम्या इंग्लंडमध्ये पोहोचल्या. तोफ वजनाला हलकी, तरीही लांब पल्ल्याची आणि अचूक का असू नये, असा प्रश्न आर्मस्ट्राँग यांना पडला.

त्या काळी बहुतेक तोफा ओतीव धातूच्या, आतून गुळगुळीत नळीच्या होत्या आणि दारूगोळा तोंडाकडून भरावा लागे. आर्मस्ट्राँग यांनी तापवलेल्या लोखंडी पट्ट्या वेटोळ्यासारख्या गुंडाळून, एकावर एक चढवून नळी तयार केली. त्यामुळे ती हलकी असूनही मजबूत झाली. नळीत आतून वळसेदार खाचा पाडल्या, म्हणजे गोळा स्वतःभोवती फिरत सरळ जाई. शिवाय गोळा मागच्या बाजूने भरण्याची सोय केली. १८५५ मध्ये पहिली लहान तोफ तयार झाली. पुढची तीन वर्षे चाचण्यांत गेली आणि १८५८ मध्ये सरकारी समितीने ही तोफ लष्करात घेण्याची शिफारस केली.

पेटंट देशाला, मग वाद कशाचा?

आर्मस्ट्राँग यांनी तोफेची पेटंटे विकली नाहीत, सरकारला बहाल केली. या औदार्याची देशभर वाहवा झाली. १८५९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. युद्ध खात्यात खाचांच्या तोफांचे अभियंता म्हणून वर्षाला २ हजार पौंड पगारावर त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी वूलिच येथील सरकारी तोफ कारखानाही त्यांच्या देखरेखीखाली आला.

खरी गुंतागुंत इथे सुरू झाली. वूलिचची क्षमता अपुरी होती आणि फ्रान्सशी युद्ध होईल अशी धास्ती होती. म्हणून त्यांच्याच भागीदारांनी न्यूकॅसलमध्ये ‘एल्सविक ऑर्डनन्स कंपनी’ काढली. या कंपनीत आर्मस्ट्राँग यांनी स्वतःचा हिस्सा ठेवला नाही. कंपनीने फक्त ब्रिटिश सरकारसाठीच तोफा बनवायच्या, अशी अट होती. त्या बदल्यात काम थांबले तर गुंतवलेल्या भांडवलाची भरपाई देण्याची हमी सरकारने दिली.

कागदावर सारे चोख होते. प्रत्यक्षात मात्र तोफेचा शोध आर्मस्ट्राँग यांचा, ती कशी बनवायची हे ठरवणारे सरकारी अधिकारी आर्मस्ट्राँग आणि ती बनवून देणारे आर्मस्ट्राँग यांचेच भागीदार. मँचेस्टरचे कारखानदार जोसेफ व्हिटवर्थ यांच्याकडेही त्यांची स्वतःची तोफ होती. त्यांना आणि त्यांच्या समर्थकांना हा सरळसरळ पक्षपात वाटला. संसदेत आणि वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली.

आणखी एक नेमणूक बोलकी होती. अँड्र्यू नोबल हे तोफखान्यातले कॅप्टन. (डायनामाइटवाले आल्फ्रेड नोबेल वेगळे.) खाचांच्या तोफांची तपासणी करणाऱ्या १८५८ च्या समितीचे ते सचिव होते. ज्या समितीने तोफ पसंत केली, तिचे हे सचिव १८६० मध्ये एल्सविकच्या नोकरीत दाखल झाले.

सरकारी पद का सोडावे लागले?

सैन्यातून तक्रारी वाढल्या म्हणून. लहान तोफा चांगल्या चालल्या. १८६० मध्ये चीनमधील युद्धात त्या वापरल्या गेल्या. मोठ्या तोफांत मात्र मागचे झाकण नीट बसले नाही तर ते स्फोटाच्या जोराने उडून जाई. ऑगस्ट १८६३ मध्ये ब्रिटिश आरमाराने जपानच्या कागोशिमा बंदरावर मारा केला. त्या वेळी २१ आर्मस्ट्राँग तोफांतून ३६५ गोळे सुटले आणि २८ अपघात झाले.

त्याआधीच, १८६२ मध्ये, सरकारने एल्सविकला नव्या ऑर्डरी देणे थांबवले होते. फेब्रुवारी १८६३ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी पदाचा राजीनामा दिला. चार वर्षांत सरकारने या तोफांवर सुमारे २५ लाख पौंड खर्च केले होते. त्यांपैकी साडेनऊ लाखांहून अधिक रक्कम मालापोटी एल्सविक कंपनीला मिळाली. करार मोडल्याची भरपाई म्हणून आणखी सुमारे ६५ हजार पौंड द्यावे लागले. ब्रिटिश लष्कर पुन्हा तोंडाकडून भरायच्या तोफांकडे वळले.

सरकारने नेमके काय गमावले?

करार संपला आणि त्याबरोबर फक्त ब्रिटनसाठीच तोफा बनवण्याची अटही संपली. १८६४ मध्ये तोफांची कंपनी आणि क्रेनचा जुना कारखाना एकत्र करून आर्मस्ट्राँग यांनी नवी कंपनी स्थापन केली. आता ग्राहक म्हणून सारे जग मोकळे होते. इटली, इजिप्त, चिली, चीन, जपान अशा देशांना एल्सविकचा माल जाऊ लागला.

पेटंटचे कागद सरकारच्या कपाटात राहिले. पण सरकारी पैशाने उभी राहिलेली यंत्रे, तयार झालेले कारागीर, चाचण्यांतून कळलेल्या चुका आणि नोबल यांच्यासारखी माणसे मात्र एल्सविकमध्येच होती. पुढे नोबल यांनी दारूच्या स्फोटाचा शास्त्रीय अभ्यास केला आणि तोफा आणखी ताकदवान झाल्या. १८७९ मध्ये ‘थंडरर’ या ब्रिटिश युद्धनौकेवर तोंडाकडून भरायच्या तोफेत चुकून दोनदा दारूगोळा भरला गेला. तोफ फुटली आणि ११ जण ठार झाले. मागून भरायच्या तोफेत अशी चूक लगेच दिसली असती. त्यानंतर ब्रिटनने पुन्हा मागून भरायच्या तोफा घ्यायला सुरुवात केली.

सरकार आणि कंपनीतली ये-जा किती वाढली?

आर्मस्ट्राँग यांनी घालून दिलेली वाट पुढे रुळली. कंपनीतील त्यांचे सहकारी जॉर्ज रेंडेल हे युद्धनौका आणि तोफांचे जाणकार. १८८२ मध्ये ग्लॅडस्टन सरकारने त्यांना आरमार खात्याच्या संचालक मंडळावर घेतले. १८८५ मध्ये ते पायउतार झाले आणि नंतर आर्मस्ट्राँग यांच्या इटलीतील पोझुओली कारखान्याच्या कारभारात परतले. कंपनीचे लंडनमधील काम पाहिलेले त्यांचे भाऊ स्टुअर्ट रेंडेल १८८० पासून खासदार आणि ग्लॅडस्टन यांचे निकटचे मित्र होते. विल्यम व्हाइट हे आरमार खात्यातले जहाजबांधणी तज्ज्ञ १८८३ मध्ये एल्सविकला आले आणि दोनच वर्षांत जहाजबांधणीचे प्रमुख म्हणून सरकारी सेवेत परतले. जहाज विकत घेणारे आणि विकणारे आलटून पालटून एकाच टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसत होते.

स्वतः आर्मस्ट्राँग यांनी १८८६ मध्ये न्यूकॅसलमधून लोकसभेसारख्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक लढवली, पण ते हरले. पुढच्याच वर्षी त्यांना लॉर्ड करण्यात आले आणि वरिष्ठ सभागृहाचे दार उघडले.

एकच कारखाना, दोन्ही शत्रू…

१७ सप्टेंबर १८९४ रोजी यालू नदीच्या मुखाशी चीन आणि जपानच्या आरमारांची लढाई झाली. जपानच्या ‘नानिवा’ आणि ‘योशिनो’ या नौका आर्मस्ट्राँग यांच्या गोद्यांत बांधलेल्या होत्या. त्या दिवशी बुडालेली चीनची ‘चीयुआन’ ही नौकाही तिथलीच. ‘नानिवा’चे कप्तान होते तोगो हेइहाचिरो. १८६३ मध्ये कागोशिमावर आर्मस्ट्राँग तोफांचे गोळे पडले, तेव्हा ते किनाऱ्यावरच्या तोफेशी उभे असलेले कोवळे पोर होते. ज्या कारखान्याच्या गोळ्यांनी त्यांचे शहर जळाले, त्याच कारखान्याची नौका त्यांच्या हाती आली.

आर्मस्ट्राँग यांना यात गैर वाटत नव्हते. शस्त्र कशासाठी वापरायचे ही जबाबदारी वापरणाऱ्याची, बनवणाऱ्याची नाही, अशी त्यांची भूमिका होती.

मग त्यांना खलनायक म्हणायचे का?

इतके सोपे नाही. रॉथबरीजवळचे त्यांचे क्रॅगसाइड हे घर जलविद्युतेच्या दिव्यांनी उजळलेले जगातील पहिले घर मानले जाते. दगडी कोळसा एक दिवस संपेल, असा इशारा त्यांनी १८६३ मध्येच दिला होता. जेस्मंड डीन हे विस्तीर्ण उद्यान त्यांनी न्यूकॅसलला दान केले आणि तिथल्या विज्ञान महाविद्यालयाला हातभार लावला. दुसरीकडे, १८७१ मध्ये कामगारांनी नऊ तासांच्या दिवसासाठी पाच महिने संप केला, तेव्हा मालकांचे नेतृत्व आर्मस्ट्राँग यांनीच केले. अखेर कामगार जिंकले. क्रॅगसाइडमध्ये पाहुणे म्हणून इराणचे शहा, सयामचे राजे आणि चीनचे मुत्सद्दी ली होंगझांग येऊन गेले. ही मंडळी ग्राहकही होती किंवा होऊ शकत होती.

२७ डिसेंबर १९०० रोजी, वयाच्या नव्वदीत, आर्मस्ट्राँग यांचे निधन झाले. कंपनीचे अध्यक्षपद त्यानंतर आले ते अँड्र्यू नोबल यांच्याकडे, म्हणजे त्या जुन्या सरकारी समितीच्या सचिवांकडे.

आजच्या काळात याचा अर्थ काय?

आता अनेक देशांत पद सोडल्यावर काही काळ थांबण्याचे नियम आहेत. भारतातही केंद्र सरकारच्या ‘गट अ’ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी नोकरी धरायची तर परवानगी घ्यावी लागते. पण आर्मस्ट्राँग यांना अशा नियमाने रोखले नसते. त्यांनी पद सोडल्यावर ओळखींचा बाजार मांडला, असा हा प्रकारच नव्हता. खरा प्रश्न ते पदावर असतानाच निर्माण झाला होता. सरकारने पेटंट मिळवले, पण तोफ बनवण्याचे कसब मात्र बाहेरच्या कंपनीत वाढू दिले. मग करार मोडला, भरपाई दिली आणि ते कसब जगाला विकण्याची मोकळीकही दिली. कोण कधी कंपनीत गेला हे तपासणे सोपे असते. जाताना तो जनतेच्या पैशाने तयार झालेले काय काय घेऊन गेला, याचा हिशेब मात्र तेव्हा कुणी मांडला नाही.