जॉर्ज बूल : शून्य, एक आणि संगणकाचे कुलूप



२ नोव्हेंबर ही तारीख मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या घराघरांत ठाऊक आहे. १८३४ साली याच दिवशी अ‍ॅटलास नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ गिरमिटिया मजुरांना घेऊन पोर्ट लुईस बंदरात आले. त्यांच्यामागून पुढील वर्षांत मुंबई बंदरातून आपले पूर्वजही आले. ते जहाज बंदराला लागले त्याच दिवशी, हजारो मैल दूर, इंग्लंडमधील लिंकन नावाच्या गावात एका तरुणाला एकोणीस वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी त्याने गावात स्वतःची एक लहानशी शाळा काढली होती. त्याचे नाव जॉर्ज बूल. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे खरे. परंतु तारीख मुलांच्या लक्षात राहावी म्हणून आम्ही ती आरंभीच सांगितली.

आज बँकेत, दुकानात, पोस्टात आपण ज्या संगणकांवर विसंबून असतो, त्यांच्या पोटातले गणित या शाळामास्तरांनी लिहिले. तेही आयर्लंडमधील कॉर्क शहरात राहून, आणि पहिले विद्युत संगणक तयार होण्याच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधी. त्यांचे चरित्र आपण पाहूच. त्याबरोबर, त्यांच्या गणिताच्या नजरेने पाहिले असता आजच्या संगणकातील एक अवघड गाठ कशी उकलते, तेही पाहू.

जॉर्ज बूल यांचा जन्म १८१५ साली झाला. वडील जॉन बूल जोडे शिवण्याचा धंदा करीत. पण त्यांचे चित्त चामड्यापेक्षा दुर्बिणीत व भिंगांत अधिक रमे. साहजिकच धंदा बसला, आणि घरात पैशाची चणचण कायमची राहिली. गणिताचे पहिले धडे मुलाला वडिलांनीच दिले. लॅटिन गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने शिकविली. ग्रीक भाषा तो आपली आपण शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे भाषांतर केले आणि ते गावच्या वर्तमानपत्रात छापून आले. तेव्हा एका शिक्षकाने जाहीरपणे शंका घेतली, की इतक्या लहान मुलाच्या हातून हे होणे शक्यच नाही. हुशार मुलावर अविश्वास दाखविण्याची ही रीत फार जुनी आहे.

सोळाव्या वर्षी शिक्षण थांबवून त्याला नोकरी धरावी लागली. डॉनकास्टर येथे तो साहाय्यक शिक्षक झाला आणि आईवडिलांचा व भावंडांचा भार त्याच्या खांद्यावर आला. विद्यापीठाचे तोंड पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. दिवसभर मुलांना शिकवावे आणि रात्री लाग्रांज, लाप्लास यांसारख्या फ्रेंच गणितज्ञांचे कठीण ग्रंथ एकट्याने वाचावेत, असा त्याचा क्रम होता. पुढे केंब्रिजच्या गणित नियतकालिकात त्याचे लेख येऊ लागले. १८४४ साली त्याच्या एका निबंधाला लंडनच्या रॉयल सोसायटीचे पदक मिळाले. पदवी नसलेल्या खेड्यातल्या मास्तरांना हा मान मिळावा, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

१८४७ साली बूल यांनी एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. तर्कशास्त्र हे तत्त्वज्ञानाचे अंग मानले जाई. ते गणिताने मांडता येईल असे या पुस्तकाने दाखविले. त्यांचे स्नेही ऑगस्टस डी मॉर्गन हेही त्याच वाटेने चालले होते. हे डी मॉर्गन आपल्या मदुरैमध्ये जन्मले होते, हे वाचकांना सांगावयास हवे.

दोन वर्षांनी, १८४९ मध्ये, आयर्लंडमधील कॉर्क येथे नवे क्वीन्स कॉलेज सुरू झाले आणि गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून बूल यांची नेमणूक झाली. गाठीशी कोणतीही पदवी नसताना ही नेमणूक झाली. त्या वेळी आयर्लंड भयंकर दुष्काळातून जात होता. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराईने मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. कॉर्कच्या बंदरातून माणसांनी भरलेली जहाजे परदेशी जात होती. पोटासाठी समुद्र ओलांडणे म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. अशा काळात आणि अशा गावात बूल यांनी आपला मोठा ग्रंथ लिहिला. विचारांच्या नियमांवरील हा ग्रंथ १८५४ साली बाहेर आला.

त्या ग्रंथातला मुख्य विचार शाळकरी मुलालाही कळण्यासारखा आहे. समजा, क्ष म्हणजे मराठी शिकणारी सर्व मुले, आणि य म्हणजे सहाव्या इयत्तेतील सर्व मुले. तर क्ष गुणिले य म्हणजे दोन्हींत असलेली मुले, अर्थात सहावीत असून मराठी शिकणारी. एक म्हणजे सगळे आणि शून्य म्हणजे कुणीच नाही. म्हणून एक वजा क्ष म्हणजे मराठी न शिकणारी उरलेली मुले. आता क्षला क्षनेच गुणले तर काय मिळेल? मराठी शिकणाऱ्यांपैकी मराठी शिकणारी मुले, म्हणजे पुन्हा क्षच. साध्या अंकांत हा नियम फक्त दोन अंक पाळतात : शून्य आणि एक. त्यातूनच बूल यांचे प्रसिद्ध समीकरण निघते, क्ष (१ − क्ष) = ०. एखादी गोष्ट आत आहे आणि बाहेरही आहे, असे होऊ शकत नाही. आणि जर क्ष × य = ० असेल, तर त्या दोन गटांत सामाईक असे काहीच नाही. वाचकांनी हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१८५५ साली बूल यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. हिंदुस्थानच्या मोजणीचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचे नाव हिमालयाच्या शिखराला दिले गेले, त्यांची ही पुतणी. या दांपत्याला पाच मुली झाल्या. त्यांतील अ‍ॅलिशिया कॉलेजात न शिकता भूमितीत नाव मिळवून गेली, तर धाकटी एथेल कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाली.

नोव्हेंबर १८६४ च्या अखेरीस एके दिवशी बूल घरातून कॉलेजला पायी निघाले. अंतर सुमारे तीन मैल, आणि वाटेत पाऊस कोसळत होता. मुले वाट पाहत असतील म्हणून ते ओल्या कपड्यांनीच वर्गात गेले व व्याख्यान पूर्ण केले. घरी येताच ताप भरला, तो फुप्फुसांत उतरला, आणि ८ डिसेंबर १८६४ रोजी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. कॉर्कजवळ ब्लॅकरॉक येथील सेंट मायकल चर्चच्या आवारात त्यांना पुरले आहे. त्यांचे कॉलेज आज युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क या नावाने चालते.

बूल यांचे गणित बराच काळ पुस्तकातच राहिले. १९३७ साली क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखविले, की विजेच्या बटनांच्या जोडणीला हेच गणित लागू पडते. बटन बंद म्हणजे शून्य, चालू म्हणजे एक. त्या दिवसापासून बूल यंत्रात शिरले ते आजतागायत तेथेच आहेत.

आता त्या गाठीकडे वळू. संगणकावर लिहिलेले पत्र किंवा हिशेब आपण साठवून ठेवतो. कोणती गोष्ट कोठे ठेवली याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. काही लिहावयाचे म्हणजे तिला बरीच कामे करावी लागतात. मोकळी जागा शोधायची, ती भरली अशी खूण करायची, मजकूर तेथे उतरवायचा, आणि नाव, आकार व वेळ यांची नोंद करायची. एकटा लिहिणारा असेल तर अडचण नाही. पण आजच्या संगणकात आठ, सोळा, कधी शंभराहून अधिक प्रोसेसर एकाच वेळी काम करीत असतात.

समजा, दुकानात दोन कारकून आहेत. एका गिऱ्हाइकाच्या नावावर शंभर रुपये बाकी आहे. दोघांनीही एकाच क्षणी वहीत शंभर हा आकडा पाहिला. एकाने त्यात वीस मिळवून १२० लिहिले. दुसऱ्याने तीस मिळवून त्यावर १३० लिहिले. खरी बाकी १५० हवी होती. वीस रुपये कोठे गेले ते कुणालाच कळणार नाही. म्हणून वहीला कुलूप हवे. संगणकातले कुलूप म्हणजे स्मृतीत ठेवलेली एक खूण : शून्य असेल तर मोकळे, एक असेल तर लागलेले. एकाच वेळी ते मोकळे आणि लागलेले असू शकत नाही. बूल यांचे समीकरण येथे कामाला येते. शिवाय खूण पाहणे आणि बदलणे या दोन गोष्टी यंत्र एका दमात करते, मध्ये कुणाला शिरू देत नाही.

पण कुलपाने नुकसान टळले तरी रांग लागते. लिनक्स या प्रसिद्ध प्रणालीने १९९६ साली एकापेक्षा अधिक प्रोसेसर वापरण्यास आरंभ केला, तेव्हा तिच्या गाभ्याला एकच मोठे कुलूप होते. ते सुरक्षित होते, सोपेही होते. परंतु प्रोसेसर वाढले तसे काम वाढण्याऐवजी रांग वाढू लागली. सोळा कारकून नेमले आणि लेखणी एकच ठेवली, तर पंधरा जण भिंतीला टेकून उभे राहणार. नवे, महाग यंत्र घेऊनही लिहिण्याचा वेग का वाढत नाही, याचे उत्तर पुष्कळदा यंत्रात नसते. ते कुलपात असते.

यावर उपाय कोणता? येथे क्ष × य = ० आठवावे. एका कामाला ज्या नोंदींना हात लावायचा आहे तो गट क्ष, दुसऱ्या कामाचा गट य. दोघांत सामाईक काही नसेल तर एकाने दुसऱ्यासाठी थांबण्याचे कारणच नाही. आपल्या गावातील जुन्या चिनी दुकानदाराला हे पक्के ठाऊक होते. उधारीसाठी प्रत्येक घराची कार्ने वेगळी असे. एका घरची कार्ने लिहिली जात असता दुसऱ्या घरच्या कार्नेत लिहायला कुणाची हरकत नसे. एकूण हिशेब मागाहून जमविता येई. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९४ साली आणलेल्या एक्सएफएस या फाइल सिस्टिममध्ये अशीच योजना आहे. साठवणीच्या जागेचे अनेक भाग पाडून प्रत्येक भागाची मोकळ्या जागेची वही वेगळी ठेवली, आणि तिला कुलूपही वेगळे दिले.

दुसरा उपाय असा, की कुलूप हाती असण्याचा वेळ कमी करावा. जी तयारी बाहेर होण्यासारखी आहे ती आधीच उरकावी आणि किल्ली फक्त नोंदीपुरती घ्यावी. सामानाची यादी घरून लिहून नेणारा गिऱ्हाईक दुकानात खोळंबा करीत नाही. तिसरा, लहान लहान नोंदी गोळा करून एकदमच मुख्य वहीत चढवाव्यात. चौथा, नुसते वाचणाऱ्यांना एकत्र वाचू द्यावे. अडवायचे ते लिहिणाऱ्याच्या वेळी. मात्र कुलपे वाढविताना सावधगिरी हवी. एकाने पहिली किल्ली घेऊन दुसरीची वाट पाहावी, आणि दुसऱ्याने दुसरी घेऊन पहिलीची, असे झाले तर दोघेही जन्मभर उभे राहतील. म्हणून किल्ल्या नेहमी ठरलेल्या क्रमानेच घ्याव्या लागतात.

लिनक्समधील ते मोठे कुलूप पूर्णपणे निघायला २०११ चा मे महिना उजाडावा लागला. पंधरा वर्षे का लागली? कारण कुलूप काढणे अवघड नव्हते. त्याच्या आड नेमके कोणाचे काय सामाईक आहे, हे एकेक भाग तपासून ठरविणे अवघड होते. घाईने काढले असते तर एखाद्याचे वीस रुपये हरवले असते.

कॉर्कच्या पश्चिमेस ओव्हन्स नावाचे गाव आहे. माहिती साठविणारी मोठी यंत्रे बनविणाऱ्या ईएमसी कंपनीने १९८८ साली तेथे आपले काम सुरू केले. बूल ज्या शहरी शिकवीत होते, त्याच्याच वेशीवर लक्षावधी नोंदी एकाच वेळी लिहून घेणारी यंत्रे तयार झाली. त्या प्रत्येक यंत्रातील प्रत्येक कुलूप शून्य आणि एक यांवरच चालते.

बूल यांच्या चरित्रातून आम्हांस जो बोध घ्यावासा वाटतो तो एवढाच. कुलूप वाईट नव्हे. जेथे खरोखर सामाईक आहे तेथे ते हवेच. पण सवयीने, भीतीने किंवा आळसाने सगळ्या घराला एकच कुलूप लावले तर शहाणी माणसेही दाराबाहेर उभी राहतात. पैशाअभावी विद्यापीठाच्या दाराबाहेर राहिलेला जोडे शिवणाऱ्याचा एक मुलगा असाच होता. कॉर्कच्या कॉलेजाने पदवीचा कागद न विचारता त्याला आत घेतले, हे त्या कॉलेजाचे मोठेपण. आपल्या घरात, शाळेत आणि संस्थांत कोणती कुलपे खरोखर लागतात आणि कोणती नुसती लटकत आहेत, हे आपणही एकदा तपासून पाहावे.