समुद्राकाठचं हॉटेल आणि नोरा

इटलीतल्या अमाल्फी या जुन्या बंदराच्या गावात, समुद्रावरच्या कड्यावर 'लूना' हॉटेल आहे. मूळचा हा फ्रान्सिस्कन मठ. १८७९ च्या उन्हाळ्यात हेन्रिक इब्सेन इथे मुक्कामाला होता. त्याच मुक्कामात त्याने 'अ डॉल्स हाऊस' नाटक लिहून पूर्ण केलं.

इब्सेनचा जन्म १८२८ चा, नॉर्वेतल्या शीन गावचा. वडिलांचा धंदा बुडाला आणि १५ वर्षांचा पोरगा औषधांच्या दुकानात उमेदवारीला लागला. १८६४ मध्ये त्याने देश सोडला, तो २७ वर्षं बाहेरच राहिला.

नाटकातली नोरा त्याला सापडली ती लॉरा कीलर या ओळखीच्या लेखिकेच्या आयुष्यात. आजारी नवऱ्यासाठी लॉराने गुपचूप कर्ज काढलं. ते उघडकीला आल्यावर नवऱ्याने तिलाच वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. नोरा दार लावून घराबाहेर पडते. लॉरा मात्र पुढे त्याच घरी परतली.

अनंत काणेकरांनी हे नाटक 'घरकुल' या नावाने मराठीत आणलं. इब्सेन १९०६ मध्ये वारला, तोवर त्याचं नाव युरोपभर झालं होतं. नोराचं धाडस मलाही आवडतं. पण नाटक वाचून झाल्यावर माझ्या मनात राहते ती लॉरा. तिच्या दुःखातून नाटक उभं राहिलं. तिच्या हाती काय आलं?