प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांनाच सरकारने दोषी का ठरवलं होतं?

स्टेम सेल संशोधनाला सरकारी पैसा द्यायचा की नाही, यावरून अमेरिकेत मोठं राजकारण झालं. २००१ मध्ये अध्यक्ष बुश यांनी भ्रूणांच्या स्टेम सेलवरील संशोधनाच्या सरकारी निधीवर मर्यादा घातल्या, २००९ मध्ये ओबामांनी त्या उठवल्या. पण सरकारी पैशातून संशोधन होत असेल, तर चूक झाल्यावर जबाबदार कोण? हा प्रश्न मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वीच पेटला होता. त्यात होरपळलेल्या माणसाचं नाव वाल्डेमार हाफकिन.

कोण होते हाफकिन?

जन्म १८६०, ओडेसामधल्या ज्यू कुटुंबात. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. तिथून साथ प्रांतभर पसरली, खानदेशही सुटला नाही. लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहू लागले.

सरकारने हाफकिन यांना मुंबईत बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळालं काय? एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. तरीही तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. तिसरे आगाखान यांनी स्वतः लस घेतली आणि प्रयोगशाळेला जागाही दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

मालकोवालमध्ये काय घडलं?

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबमधल्या मालकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती.

चौकशी आयोगाने बाटली मुंबईतच दूषित झाल्याचा ठपका ठेवला. लस लवकर आणि भरपूर बनावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक अ‍ॅसिड वगळलं होतं. तेच त्यांच्या विरोधात गेलं. त्यांना पदावरून दूर करण्यात आलं.

नंतर पुढे आलेली माहिती वेगळीच होती. बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. म्हणजे दोष प्रयोगशाळेचा नसून गावात झालेल्या हलगर्जीपणाचा होता, असं अनेक शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. नोबेलविजेते रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिलं. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले.

पुढे काय?

ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. मुंबईतली प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. लस मात्र थांबली नाही. १९२५ पर्यंत मुंबईतून सुमारे २.६ कोटी डोस बाहेर पडले. त्याच वर्षी परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचं निधन झालं.

ही संस्था आजही राज्य सरकारची आहे. 'हाफकिन' हे नाव आपल्याकडे अनेकांनी पोलिओच्या डोसमुळे ऐकलंय. आयोगाने ठपका ठेवला तेव्हाच सरकारने ही प्रयोगशाळा बंद केली असती, तर ते कोट्यवधी डोस कुठून आले असते? चूक कुणाची हे नीट शोधणं आणि संशोधनाचा निधी तोडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.