लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर : हरवलेला वैमानिक, सापडलेली कबर

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या भारतीय वैमानिकांत चार नावे प्रामुख्याने घेतली जातात. हरदितसिंग मलिक युद्धातून वाचले व पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. एरल चंदर सेन शत्रूच्या हाती सापडून युद्धकैदी झाले. बंगालच्या इंद्रलाल रॉय यांनी अवघ्या दोन आठवड्यांत दहा विजय मिळवून २२ जुलै १९१८ रोजी प्राण ठेवला. चौथे नाव आपल्या मुंबईचे, श्रीकृष्ण वेलिणकर यांचे. महाराष्ट्रातच त्यांचे स्मरण क्वचित होते, म्हणून त्यांचा परिचय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वेलिणकर यांचा जन्म १८९४ साली मुंबईत झाला. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. महायुद्ध पेटल्यावर त्यांनी वैमानिक होण्याचा निश्चय केला व विमान चालविण्याचे शिक्षण घेतले. परंतु त्या काळी भारतीयास राजाच्या सैन्यात अधिकारपद मिळणे अतिशय दुर्घट होते. विमान उडविण्यास शिकलेल्या या पदवीधर तरुणाला मेकॅनिक म्हणून भरती होण्याचा सल्ला देण्यात आला. त्यांनी तो मानला नाही. चिकाटीने प्रयत्न करून १९१७ साली त्यांनी रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारपद मिळविले.

१९१८ च्या आरंभी ते फ्रान्समध्ये २३ व्या स्क्वॉड्रनमध्ये रुजू झाले. २१ मार्च रोजी जर्मनांनी मोठी चढाई सुरू केली होती व आमियाँ शहराच्या परिसरात घनघोर लढाई चालली होती. १ एप्रिलला रॉयल एअर फोर्सची स्थापना झाली. वेलिणकर यांच्या वाट्याला सॉपविथ डॉल्फिन हे एका आसनाचे लढाऊ विमान आले. या विमानात वैमानिकाचे मस्तक वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या जागेतून बाहेर येत असे. त्यामुळे आकाश चौफेर दिसे. मात्र उतरताना विमान उलटले, तर वैमानिकाच्या मानेवरच संकट येई. ब्रिटिश वैमानिकांना त्या काळी पॅराशूटही दिले जात नसे.

२७ जून १९१८ रोजी वेलिणकर गस्तीवर निघाले, ते परतलेच नाहीत. विमान कोठे पडले, वैमानिक जिवंत आहे की नाही, याचा स्क्वॉड्रनला पत्ता लागला नाही. मुंबईत त्यांच्या मातेच्या वाट्याला आले ते बेपत्ता या एका शब्दाचे दुःख. ज्याला मृत्यू म्हणावे की विरह, हेच कळू नये, असे हे दुःख!

युद्ध संपल्यावर कुटुंबाचे स्नेही कर्नल बार्टन यांनी शोध आरंभिला. रुव्ह्रुआ येथे जर्मनांनी पुरलेल्या एका वैमानिकाची कबर आढळली. तिच्यावरील आडनाव वुमकर असे लिहिले होते. परक्या भाषेच्या लेखनिकाच्या हातून मराठी आडनावाची अशी मोडतोड झाली असावी, हे बार्टन यांनी ओळखले. चौकशीअंती ती कबर वेलिणकरांचीच ठरली. जखमी अवस्थेत ते शत्रूच्या हाती लागले होते व तीन दिवसांनी, ३० जून रोजी, त्यांचे निधन झाले होते. त्या वेळी त्यांचे वय केवळ २३ वर्षांचे होते. आज ते फ्रान्समधील हांगार येथील युद्धस्मशानभूमीत स्वतःच्या खऱ्या नावाखाली चिरविश्रांती घेत आहेत.

सर्वांच्याच नशिबी हे नसते. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरावर विमानासह नाहीसे झालेल्या कित्येक वैमानिकांचा शोध आजही चालू आहे. समुद्राच्या तळाशी विमान सापडते, परंतु त्याची वाट पाहणारी माता केव्हाच निघून गेलेली असते.

वर्धा आणि वैनगंगा यांच्यामधल्या आपल्या गोंडपिपरीपासून हांगार फार दूर आहे. तरीही मृतांच्या स्मरणदिनी कबरी झाडून, फुले वाहून, मेणबत्त्या लावणाऱ्या आपल्या कुटुंबांना त्या मातेचे मन समजण्यास अडचण पडू नये. मृताला त्याचे नाव परत मिळवून देणे, हीसुद्धा दयेची मोठी कृती आहे. आपल्या दफनभूमीतील ज्या कबरींवरील अक्षरे पुसट झाली आहेत, ती जाणत्या वडीलधाऱ्यांना विचारून पुन्हा लिहून काढावीत, असे आम्हांस मनापासून वाटते.